गोदीत मामाने पाडलेले आटे

आमच्या गावातला पहिला बी.ए. मी. हे मी आजही सांगतो आणि सांगताना लाजत नाही. आमच्या घरात माझ्याआधी सही करणारं कुणी नव्हतं, सगळे अंगठेवाले. पदवी हातात पडली आणि फोर्टातल्या एका क्लिअरिंग एजंटाकडे कारकून म्हणून चिकटलो. परदेशातून आलेला माल कस्टममधून सोडवून घ्यायचा, हे आमचं काम. साठीचं दशक निम्मं सरलं होतं. ज्याला आता नवी मुंबई म्हणतात तिथे तेव्हा खाडी, भातखाचरं आणि मिठागरं, आणि पावणे गावाच्या अंगाला कारखान्यांच्या नव्या भिंती उठायला लागलेल्या.

त्यातल्या एका कारखान्यात माझा मामा पाइप जोडायच्या कामाला लागला होता. मामा मूळचा मिठागरातला. पावसाळ्यात मिठागर बंद, म्हणून ते चार महिने तो ठाण्याला एका प्लंबर मिस्त्रीच्या हाताखाली जायचा. असे आठ-दहा पावसाळे करता करता मिस्त्रीपेक्षा त्याचा हात साफ झाला. कारखान्याला पाण्याची लांबलचक लाइन टाकायची होती. मॅनेजरने मामाला हंगामी घेतलं आणि सांगितलं, लाइन पुरी कर, कायम करतो. नाहीतर दिवाळीनंतर पुन्हा मिठागर.

दोन पाइप जोडायचे तर त्यांच्या टोकांना आटे पाडावे लागतात, स्क्रूला असतात तसे कोरलेले वळसे. जाड पाइपाला ते पाडायला मामाने एक विलायती हत्यार मागितलं. लांब दांड्याचं, आत दातेरी चाक असलेलं. दांडा पुढेमागे हलवला की आटे कापणारी डाय पाइपाभोवती फिरते. मॅनेजरने हातहत्यारांचं आयातीचं लायसन्स काढलं, पाने, कटर आणि हे हत्यार अशी पेटी मागवली. ती सोडवायचं काम फिरत फिरत आमच्याच ऑफिसात आलं आणि फाइल माझ्या टेबलावर पडली. मला केवढा आनंद!

आनंद आठवडाभर टिकला. गोदीत पेटी उघडल्यावर तपासणीच्या साहेबाने पाने आणि कटर बाजूला काढले, ते हत्यार उलटंपालटं केलं आणि शेरा मारला: दातेरी चाक आहे, कॅटलॉगात तिपाईवर बसवलेलं चित्र आहे, हे यंत्र. कस्टमच्या टॅरिफमध्ये हत्यारं एका कलमात, यंत्रं दुसऱ्या. नुसत्या जकातीचा फरक असता तर कारखान्याने भरली असती. पण लायसन्स फक्त हातहत्यारांचं. यंत्र ठरलं की ते लायसन्सच्या बाहेरचं, म्हणजे जप्त. आणि त्याच्याशिवाय लाइन पुरी व्हायची नाही.

फाइल वर अप्रेझरसाहेबांकडे गेली. कुठल्या मालाला कुठलं कलम लागतं हे ठरवणारा हा माणूस. पन्नाशी उलटलेली, कोटाचे कोपरे झिजलेले, एजंटांच्या चहाला कधी हात लावला नाही. त्यांची एक पद्धत होती आणि तिच्यामुळे सगळे एजंट वैतागायचे. ते कॅटलॉग वाचायचे, टॅरिफ वाचायचे, जुने निर्णय काढायचे, आणि मग सगळं मिटून विचारायचे, "हे वापरतो कोण?" एकदा म्हणे त्यांनी चांभाराला बोलावून घेतलं होतं, एकदा घड्याळजीला. मलाही तेच विचारलं.

"वापरणारा माणूस आहे, साहेब," मी म्हटलं. कोण आहे ते सांगितलं नाही.

"परवा आणा. पाइपाचा तुकडा घेऊन."

इथे मी माती खाल्ली. दोन दिवस मी मामाला पढवत होतो. साहेबासमोर उकिडवं बसायचं नाही. विचारलं तेवढंच बोलायचं. मिठागराचं नाव काढायचं नाही. वर माझी इस्त्रीची पँट त्याला दिली. मामी म्हणाली, "नवरदेव चाललाय का रं?" मामा पँटीत पाय घालता घालता म्हणाला, "भाच्याचं लगीन हाय, मीच उभा र्‍हातो." पण घातली. शिकलेल्या भाच्यावर त्याचा विश्वास होता.

होडीने खाडी ओलांडून, पुढे बस पकडून, खांद्यावर चार फुटी पाइप घेऊन मामा गोदीत पोचला. शेडमध्ये सुतारकामाचं एक टेबल होतं, त्याला पाइप आवळून धरायचा वाइस ठोकलेला. मी मामाला तिकडे उभं केलं. त्याने पाइप वाइसमध्ये आवळला, हत्यार चढवलं आणि ताठ उभा राहून दांडा हलवायला लागला. टेबलाला पक्कं बसलेलं, आत दातेरी चाक कटकट वाजणारं, बाजूला पँटवाला माणूस. अगदी कॅटलॉगातलं चित्र!

तपासणीचा साहेब हसला. "झालं की. यंत्रच."

अप्रेझरसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. आपणच मामाला बुडवला हे तेव्हा लख्ख दिसलं.

साहेब लिहिता लिहिता थांबले. मामाच्या कपाळावरचा घाम बघत होते की त्याचे ताठलेले गुडघे, कुणास ठाऊक. म्हणाले, "काय हो मिस्त्री, कामावर असंच करता?"

मामाने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"नाय साहेब. ह्यो भाचा बोल्ला उभा र्‍हा, म्हनून उभा हाय."

"भाचा?" साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बरं. मग रोज कसं करता?"

"रोज खाली बसतो. पन या पँटीन बसलो त फाटंल."

शेडमधले हमाल खदखदून हसले. साहेब हसले नाहीत. "मग काढा," म्हणाले, "आणि रोजच्यासारखं करा."

मामा गोण्यांच्या थप्पीमागे गेला आणि पँट उतरवून आतल्या खाकी हाफपँटीवर आला. पाइप वाइसमधून सोडवून त्याने जमिनीवर ठेवला. त्याला एक पाना लावला, पान्याचा दांडा फरशीला टेकवला आणि त्यावर टाच दाबली, म्हणजे पाइप फिरणार नाही. मग उकिडवा बसला, तेलाचे चार थेंब सोडले आणि हत्याराचा दांडा ओढला. थोडं पुढे, थोडं मागे, कीस झाडायला. पुन्हा पुढे. त्या बसण्यात इतका आराम होता की वाटावं, माणूस अंगणात बसून मासळी निवडतोय. लोखंडाचे चकचकीत कुरळे केस त्याच्या पावलाशी पडत होते. हमालांचं हसणं थांबलं. मी आयुष्यभर याच्या घरी जेवलो होतो, पण याचं काम असं समोर बसून कधी बघितलं नव्हतं.

साहेबही त्याच्यासमोर उकिडवे बसले. कोटासकट.

"पाइप टेबलावर का नाही घेत? सोपं पडेल."

"टेबलावर कसा येल? पाइप खनलेल्या चरान पडलेला, अर्धा जोडलेला. तो काय उठून माझ्यापाशी येतो? मीच जातो त्याच्यापाशी. ह्ये हत्यार काखंत मारतो नि जातो."

"आणि हे चाक कशाला?"

"चरान दांडा पुरा फिरवाला जागा नाय. भिंती लागतात. म्हनून जरा पुढं, जरा मागं."

साहेब उठले. गुडघे झटकले. तपासणीच्या साहेबाला शांतपणे म्हणाले, "यंत्राकडे माल न्यावा लागतो. हत्यार मालाकडे जातं." मग मला म्हणाले, "बसा. हा जे बोलला ते इंग्रजीत लिहून काढा. जसंच्या तसं. त्यात तुमची भर नको."

मी लिहिलं. बी.ए.ला इंग्रजीत बरे मार्क होते माझे, पण इतकं जपून मी कधी लिहिलं नव्हतं. साहेबांनी वाचलं, खाली दोन ओळी घातल्या, हातहत्याराचं कलम टाकलं आणि सही केली. तपासणीच्या साहेबाने नंतर माझ्यादेखत ते पुन्हा वाचलं आणि कबूल केलं, "हे मला सुचायला हवं होतं." तोही सरळ माणूस होता.

पेटी सुटली. लाइन दिवाळीच्या आत पुरी झाली. मॅनेजरने शब्द पाळला.

मिठागराच्या मुकादमाने मामाची जागा राखून ठेवली होती. त्याला निरोप द्यायला मामाने मलाच धाडलं. मुकादम बांधावर उभा होता. म्हणाला, "न येऊन करतंय काय? तू लावलास का रं त्याला तिकडं, साहेबाला सांगून?"

"नाही," मी म्हटलं. "साहेबांनी त्याचं काम बघितलं. मी होतो तिथे, मी फक्त लिहून घेतलं."