रिकाम्या कपांचा ट्रे

अमेरिकेत हर्नडनला आमच्या शेजारी एक जर्मन काका राहतात. उभं आयुष्य जर्मनीतल्या नाटक-सिनेमात गेलं, पण कामं कायम वेटर, पोस्टमन, डॉक्टर अशी. सांगताना मान मात्र ताठ. "हिरो येण्याआधी ते घर खरं वाटायला हवं ना? ते माझं काम!" दार उघडायच्या आधी आजही कॉलर नीट करतात.

इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात मला चहा आणणाऱ्या गड्याचं काम मिळालं, तेव्हा मी नाव कॅन्सल करायला निघालो होतो. काकांनी हातात ट्रे देऊन मला हॉलभर चालवलं. म्हणाले, "कप रिकामे आहेत हे मनगटाला कळू देऊ नकोस."

प्रयोगाला ते पहिल्या रांगेत होते. मी ट्रे घेऊन त्यांच्यासमोरून स्टेजकडे निघालो. गरम चहा सांडेल म्हणून काकांनी चटकन पाय आत घेतले.