पोर्चमधले महाराज

ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि आमचे हे हळूहळू बोलायचेच थांबले. जेवायला हाक मारली की येतात, चार घास खातात, परत मागच्या खोलीत जाऊन गुडघे उराशी धरून भिंतीकडे तोंड करून बसतात. डॉक्टरकडे चला म्हटलं की नुसती नकारार्थी मान. नातेवाईक मला म्हणतात, "नशीबवान आहेस बाई, किती शांत झालेत!" शांत कसले डोंबलाचे! चहात साखर कमी पडली तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस. त्या आरडाओरड्याची आता आठवण येते मला, काय सांगू.

मला मूर्ती घडवता येतात, माणसाला बोलतं करता येत नाही. शेवटी शाडू भिजवली आणि त्यांनाच घडवायला घेतलं. मिटलेले डोळे, आवळलेला जबडा, गुडघ्यांभोवती घट्ट हात. पाठीचा बाक काही जमेना, तेव्हा दाराआडून चोरून बघत राहिले. वाटलं, स्वतःचं हे रूप पाहून तरी काही बोलतील. रागावले तरी चालेल.

मूर्ती वाळायला पोर्चमध्ये ठेवून भाजी आणायला गेले. परत येते तर तिच्या कपाळावर हळदकुंकू, डोक्यावर बेलाचं पान, पुढ्यात खडीसाखर! शेजारच्या काकू त्र्यंबकेश्वरहून नुकत्याच आलेल्या, हात जोडून उभ्या.

"कुठले गं हे महाराज? काय समाधी लागलीय! बघूनच मन निवलं."

"अहो काकू, महाराज कसले? आमचे हे आहेत हे!"

मी इतक्या जोरात ओरडले की काकू दचकल्याच. कुंकू ओल्या मातीत पार शिरलं होतं. पण राग कुंकवाचा नव्हता. सगळ्यांना समाधी दिसते, मग मला एकटीलाच का दुसरं दिसतं? मला रडूच फुटलं. काकू बिचाऱ्या ओशाळून घरी गेल्या.

आवाज ऐकून हे बाहेर आले होते. मूर्तीकडे बराच वेळ बघत राहिले. मग खाली बसले, बेलाचं पान उचलून बाजूला ठेवलं आणि अंगठ्यानं कपाळावरचं कुंकू पुसायला लागले. ते निघेना, आणखीच पसरलं.

"राहू द्या," मी म्हटलं, "मी काढते."

त्यांनी ऐकलं नाही. पुसत पुसतच, माझ्याकडे न बघता म्हणाले, "शांत नाहीये गं मी. भीती वाटते मला. सारखी भीती वाटते."