दातांच्या गाडीवरचा डायनामो

भिंत पातळ होती म्हणून ऐकू आलं. कान लावून ऐकलं असं कोणी म्हणालं तर तेही खोटं नाही. माझा धाकटा भाऊ आणि भावजय शेजारच्या दोन खोल्यांत राहायचे, आणि त्या सकाळी भावजयीला तिचा पिठाचा डबा सापडत नव्हता. सापडला तेव्हा तो गाडीत होता. त्याला ओळीने आठ भोकं पाडलेली, पहिल्या दोन भोकांतून दोन रंगांच्या वायरी बाहेर आलेल्या, बाकीची पुढे लागतील म्हणून मोकळी.

ती म्हणाली, "माझ्या संसाराला पाडलीत तेवढी भोकं पुरली नाहीत का? आता डब्याला कशाला?"

भाऊ अगदी शांतपणे म्हणाला, "आतून लाकडाची फळी बसवलीये. शॉक लागणार नाही."

त्यावर तिने जे ऐकवलं ते मी कागदावर उतरवत नाही, घरात नातवंडं वाचतात. सार एवढंच, की ज्या बाईपायी डबा गेला तिच्याकडेच आता जेवायला जा. नवा डबा आठवड्यात आला, पण पुढची पस्तीस वर्षं घरात काहीही सापडेनासं झालं की भावजय म्हणायची, गाडीत बघा, तिथे वायर लावून बसवलं असेल.

ती बाई म्हणजे दातांच्या डॉक्टरबाई, आणि माझा भाऊ त्यांचा ड्रायव्हर. डॉक्टरबाईंचा दवाखाना नव्हता. एक जुनी लांबलचक गाडी होती. ती घेऊन त्या कारखान्यांच्या आवारात, शाळांच्या मैदानात, म्हाताऱ्यांच्या आश्रमात जायच्या. न्हाव्याच्या दुकानातली मोडीत निघालेली खुर्ची टपावर बांधलेली असायची. ती उतरवून मागच्या दाराशी मांडायची, माणसाला बसवायचं आणि त्याच्या तोंडात डोकवायचं. लागणारी सगळी यंत्रं त्या गाडीच्याच विजेवर चालायची. तिथेच माझ्या भावाची खरी नोकरी होती. गाडी काय, कोणीही चालवेल.

मला त्यातलं कळलं ते असं. बॅटरीत ताकद बेताची. इंजिन फिरलं की डायनामो फिरतो आणि तो बॅटरीला पाजत राहतो. इंजिन सुस्त झालं की डायनामोही सुस्त, आणि मग दात कोरायचं ड्रिल दाढेच्या मधोमध रडायला लागतं. म्हणून डॉक्टरबाई मागे काम करत असताना माझा भाऊ पुढे स्टिअरिंगवर बसून पायाने रेस देत राहायचा. गाडी जागची हलत नाही आणि हा मात्र दिवसभर चालवतोय. लोकांनी त्याचं नावच डायनामो पाडलं होतं. खरं नाव बहुधा रेशनकार्डालाच माहीत होतं.

सुरुवातीला एक ड्रिल आणि एक दिवा एवढंच होतं. मग लाळ ओढायचा पंप आला, पंखा आला, हत्यारं उकळायचं भांडं आलं. पुढे दातात भरलेला मसाला सुकवणारा निळा दिवा आला, मग फोन आणि लॅपटॉप. डॉक्टरबाई दर काही वर्षांनी एक नवं लेकरू मांडीवर आणून ठेवायच्या आणि हा त्याच्यासाठी त्या पिठाच्या डब्यात एक फ्यूज बसवायचा. मागच्या डिकीत त्याने दुसरी बॅटरी बसवली, जाड वायर ओढली. सगळ्यांत खादाड ते उकळायचं भांडं. ते चालू असताना ड्रिलला हात लावायचा नाही असा नियम होता. डॉक्टरबाईंनी एकदाच तो मोडला, तर सीटखालून धूर निघाला. खुर्चीतल्या माणसाला वाटलं आपल्या दाढेतूनच निघतोय. तो तोंड उघडं ठेवूनच फाटकापर्यंत पळाला.

दोघांचं बोलणं दोन शब्दांचं. डॉक्टरबाई "हं" म्हणाल्या की याने रेस वाढवायची, "बस" म्हणाल्या की सोडायची. बाकी दिवसभर गप्प. भावजय म्हणायची, असा नवरा-बायकोचा संसार असता तर मी सुखी झाले असते. खरं तर त्याला दोन शब्दही फार होत होते. नुसत्या ड्रिलच्या आवाजावरून त्याला कळायचं की दाढ आहे का सुळा, आत किती पोकळ आहे, आता जोर लागणार की नाही. घरी मिक्सर सुरू झाला की हा दुसऱ्या खोलीतून सांगायचा, त्याचा कार्बन झिजलाय. बायकोची हाक मात्र तेव्हाही ऐकू येत नसे, पण तो कानांचा दोष नव्हता.

कानांचा दोष नंतर आला. साठीच्या आसपास, इंजिनाच्या घरघरीत आयुष्य काढून. त्याने तो कोणाला कळू दिला नाही. मला कळला तो माझ्या तोंडात.

माझी मागची दाढ किडली होती. डॉक्टरबाई आमच्या गल्लीजवळच्या शाळेत आल्या होत्या, म्हणून मीही जाऊन खुर्चीत बसले. ऊन रणरणत होतं. डॉक्टरबाईंनी गाडीच्या दारावर एक चादर अडकवली आणि कामाला लागल्या. त्या "हं" म्हणाल्या. ड्रिलने जोर धरला नाही. पुन्हा जरा मोठ्याने "हं" म्हणाल्या, तेव्हा असा जोर धरला की माझे डोळे पांढरे झाले. मग त्या "बस" म्हणाल्या. तीनदा म्हणाल्या. रेस वाढतच गेली. मी खुर्चीतून हात हलवत होते, तोंडात कापसाचे बोळे, आणि बाजूच्या आरशात मला माझा भाऊ दिसत होता. चेहऱ्यावर इतकं समाधान की देवळात बसलाय जणू. शेवटी डॉक्टरबाईंनी ड्रिल बाहेर काढलं आणि दारावर थाप मारली. थाप सीटला जाणवली असावी, कारण त्याने लगेच पाय उचलला आणि म्हणाला, अ‍ॅक्सिलरेटरची केबल अडकते हल्ली. त्या दिवशी माझ्या दाढेत जी विहीर खणली गेली ती भरायला दोन दाढांचा मसाला लागला.

डॉक्टरबाईंना पटलं. मला नाही. केबल अडकली असती तर माणूस दचकतो, खाली वाकून बघतो. हा तर हसत होता.

घरी तो मला गाडीने सोडायला आला. मी मागे बसले आणि अर्ध्या रस्त्यात हळूच म्हणाले, "गाढवा, तुला ऐकू येत नाही."

तो म्हणाला, "हो ना ताई, ऊन फार आहे."

दारात उतरल्यावर मी त्याची कॉलर धरली, तोंडासमोर तोंड नेलं आणि विचारलं. जीभ बधिर असल्याने निम्मे शब्द थुंकीतच गेले, पण तो तोपर्यंत ओठ वाचायला शिकला होता. आढेवेढे घेऊन कबूल झाला. म्हणाला, दोन वर्षं झाली. आतल्या आरशातून डॉक्टरबाईंचं कोपर बघतो, कोपर उचललं की रेस, खाली गेलं की सोडायची. आज चादरीने घोटाळा केला.

"मग सांग त्यांना."

"सांगितलं की दुसरा ड्रायव्हर येईल. त्याला कळणार आहे का भांडं कधी बंद करायचं आणि पंप कधी? आणि मी घरी बसून करू काय? पीठ मळू?"

"उद्या कोणाच्या जिभेत ते ड्रिल गेलं म्हणजे?"

यावर तो गप्प बसला. तो गप्प बसला की त्याला पटलेलं असतं, हे मला तो चड्डीत होता तेव्हापासून माहीत आहे. मी सांगितलं, सोमवारी तू सांग, नाहीतर मी सांगते. आणि मी सांगितलं तर दाढेचंही सगळं सांगेन.

रविवार त्याने गाडीत काढला. भावजय मला म्हणाली, वन्सं, आज माझं काय गेलंय ते बघून येता का? मी जाऊन बघितलं. तिचं काही गेलं नव्हतं. जुन्या गाड्यांत डाव्या पायापाशी एक बटण असतं. ते पायाने दाबलं की पुढच्या दिव्यांचा झोत खाली जातो, पुन्हा दाबलं की वर येतो. ते बटण त्याने उपटून काढलं होतं, लांब वायर जोडून मागच्या दाराबाहेर आणलं होतं आणि त्याची दुसरी टोकं स्टिअरिंगसमोर दोन छोट्या बल्बांना लावली होती. एक हिरवा, एक लाल. एकदा दाबलं की हिरवा, परत दाबलं की लाल. म्हणजे "हं" आणि "बस". समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवरचा झोत मात्र आता कायमचा वरच राहणार होता. मी ते बोलून दाखवलं, तर म्हणाला, अंधार पडल्यावर चालवणारच नाही. आणि तो शब्द त्याने पाळला, हे सांगायला हवं.

सोमवारी मी सोबत गेले. दातासाठी नाही, पहाऱ्यासाठी. एका कारखान्याच्या आवारात त्याने खुर्ची मांडली, बटण डॉक्टरबाईंच्या पायाशी ठेवलं. त्यांनी विचारलं, हे काय नवीन? त्याने एक खोटं तोंडापर्यंत आणलेलं मला दिसलं. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

"डॉक्टरबाई, कान गेलेत माझे. हे एकदा दाबलं की 'हं', परत दाबलं की 'बस'."

 मग त्यांना दोन वर्षांतल्या सगळ्या दाढा आठवल्या असाव्यात, कारण त्या जे बोलायला लागल्या ते दहा मिनिटं थांबल्या नाहीत. दोन शब्दांवर भागवणारी बाई, सगळं साठवून ठेवलेलं निघालं. कोणाचं तोंड फाटलं असतं, माझं लायसन गेलं असतं, विश्वासाने पाठ करून बसते मी तुझ्याकडे. भाऊ मान हलवत होता. एकही शब्द ऐकू येत नव्हता हे मला दिसत होतं, पण एवढं नक्की कळत होतं की आपली नोकरी त्या तोंडातून बाहेर पडते आहे. हाताने तो शर्टाचं खालचं बटण पिळत होता.

बोलून झाल्यावर डॉक्टरबाईंनी चष्मा पुसला. रांगेत सतरा माणसं गाल धरून उभी होती. त्यांनी पहिल्याला बसवलं, ड्रिल उचललं आणि खाली न बघता पायाने बटण दाबलं.

भाऊ धावत जाऊन स्टिअरिंगवर बसला. एवढा धावताना मी त्याला लग्नातही बघितला नव्हता.

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी एकच अट घातली, कानाचं यंत्र घ्यायचं. घेतलं. ते डायनामोजवळ गेलं की डोक्यात भुंगा शिरल्यासारखं करायचं, म्हणून काम चालू असताना खिशात आणि घरी येताना कानात. त्याचंही चार्जिंग गाडीतच, डब्याला नववं भोक पाडून. भावजय म्हणाली, चला, निदान एक भोक तरी माझं ऐकण्यासाठी पाडलं. त्यानंतर ती त्याला पाच वर्षांत जेवढं बोलली नव्हती तेवढं एका महिन्यात बोलली, आणि तो यंत्र खिशातच विसरायला लागला.

तशी सहा वर्षं आणखी गेली. गेल्या वर्षी एका रविवारी तो सकाळी उठलाच नाही. आजारी नव्हता, कोणाला त्रास नाही, स्वतःलाही नाही. त्याच्या आदल्या दिवशी तो कामावर होता.

शनिवार होता, म्हाताऱ्यांच्या आश्रमाचा दिवस. दोन दाढा भरायच्या आणि एका आजोबांची कवळी घासून बसवायची. मीही गेले होते, मला तिथे ओळखीच्या बायका भेटतात. त्याने आधी भांडं लावलं, हत्यारं उकळली, मग भांडं बंद करून ड्रिलला वीज दिली. कवळीवाले आजोबा फार बोलायचे, तर पंप जरा जास्तच वेळ चालू ठेवला. काम आटोपल्यावर आधी पंप, मग ड्रिल, मग दिवा, या त्याच्या क्रमाने वायरी सोडवल्या, कोपराभोवती गुंडाळल्या, खुर्ची टपावर चढवून बांधली आणि दोर दोनदा ओढून बघितला.

ऊन उतरायच्या आत डॉक्टरबाईंना घरी सोडलं. त्या फाटक उघडत होत्या तेव्हा त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, सोमवारी किती वाजता? यंत्र खिशातच होतं. त्यांनी हातातली बॅग खाली ठेवली, आठ बोटं दाखवली आणि नववं अर्धं मुडपून धरलं. त्याने मान हलवली आणि गाडी वळवली.