खोटं बोलायला न लावणाऱ्या इंगळे मॅडम

इंगळे मॅडम गेल्या.

बाहेर गेल्या नाहीत, मीटिंगमध्येही नाहीत. काल दुपारी अकोल्यात वारल्या.

असं लिहिलेलं कुणाला आवडणार नाही, म्हणून खोडलं होतं. पण त्यांना गोल गोल बोललेलं चालायचं नाही. राहू देते.

माझी पहिली नोकरी अमरावतीला. ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये, सर्व्हिस काउंटरवर. तिथले मॅनेजर सर काचेच्या केबिनमध्ये बसायचे. गिऱ्हाईक तावातावाने आलं की आतून हात हलवायचे. म्हणजे, नाही म्हणून सांग.

काचेतून ते सगळ्यांना दिसायचे. आणि मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणायचे, "सर मीटिंगमध्ये आहेत."

एकदा दर्यापूरचे एक काका म्हणाले, "कोनासंग? पंख्यासंग?"

सगळे हसले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आमच्या घरी भातकुलीला हे असलं खोटं नव्हतंच. फोन आला आणि आईला बोलायचं नसलं तर ती म्हणायची, "सांग तिले, आई आत्ता बोलत नाई म्हनते." मी तसंच सांगायचे. मावशी रुसायची, मग आपणच परत फोन करायची. मला वाटायचं, सगळीकडे असंच असतं.

मग अकोल्याला दुसऱ्या शोरूममध्ये लागले. तिथे सर्व्हिस मॅनेजर इंगळे मॅडम.

पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पार्ट नसन तर नाई म्हनाचं. उगाच 'उद्या' नाई म्हनाचं."

"आणि ते ओरडले तर?"

"तर मले आवाज दे. आयकाले मी आहो ना."

आणि खरंच यायच्या. काउंटरच्या मागे नाही, बाहेर गिऱ्हाइकाच्या बाजूला जाऊन उभ्या राहायच्या.

पेरणीच्या तोंडावर हिवरखेडच्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आमच्याकडे उघडून पडला होता. हायड्रॉलिक पंप यायचा होता. त्यांचा फोन आला.

"बाई, खरं सांग. उद्या भेटते का नाई?"

"नाही काका. पंप अजून कंपनीतूनच निघाला नाही. आठवडा तरी धरा. पेरणीला भाड्याचा ट्रॅक्टर बघा."

त्यांनी फोनच ठेवला. संध्याकाळी आले आणि ट्रॅक्टर ओढून दुसऱ्या गॅरेजला घेऊन गेले. जाताना मालकांना सांगून गेले, "तुमची पोरगीच म्हनते, दुसरं पाहा म्हून."

मालक वर्कशॉपमध्ये आले. मेकॅनिक लोकांचे हात थांबले.

"कोण बोललं त्यांच्याशी?"

मी मॅडमकडे बघितलं. वाटलं, मॅडम म्हणतील, पाहावं लागेल, विचारून सांगते.

मॅडम म्हणाल्या, "हे पोरगी बोलली."

मी खाली बघितलं.

"मी शिकवलं तसंच बोलली. काई म्हनाचं असन तर मले म्हना."

मालक मग त्यांनाच बोलले. सगळ्यांसमोर, बराच वेळ. मॅडम ऐकत राहिल्या.

मॅडमना बढतीवर अमरावतीची शाखा मिळणार होती. ती मिळाली नाही. हे मला खूप नंतर कळलं, तेही दुसऱ्यांकडून.

ते गिऱ्हाईक परत आलं नाही. मी मात्र येईल येईल म्हणून गेटकडे बघायचे.

मॅडम म्हणाल्या, "नाई येत तो. काहून वाट पाहून राहिली? पेरनी झाली ना त्याची? झालं तर मंग."

ट्रेनिंगमध्ये चांगल्या मॅनेजरवर पुष्कळ ऐकलं. लीडरशिप, मोटिव्हेशन, टार्गेट. मला एवढंच कळतं, की संध्याकाळी घरी जाताना आज कुणाकुणाला काय थाप मारली हे आठवावं लागत नसेल, तर मॅनेजर चांगला आहे.

गेल्या महिन्यात मॅडमना बघायला दवाखान्यात गेले. त्यांच्या मुलाने, दादाने, दारातच अडवलं. "आईला काही बोलू नका हं. तिला वाटतंय गाठ साधी आहे."

आत गेले तर मॅडमचा पहिलाच प्रश्न, "डॉक्टर काय म्हनते वं? हे लोकं सांगून नाई राह्यले."

मी स्टूल ओढून बसले.

"मला माहीत आहे मॅडम. पण ते मी सांगायचं नाही. दादाला पाठवते."

त्या उशीला टेकून सावरून बसल्या. मग म्हणाल्या, "पाठव."

दादा माझ्यावर चिडला. "तुम्हाला सांगितलं होतं ना?" तरी आत गेला. मी बाहेर बाकावर बसून राहिले. आपण केलं ते बरोबर की चूक, काही कळेना.

आतून दादाचं रडणं ऐकू आलं. मग मॅडमचा आवाज आला.

"रडू नोको रे बाप्पा. बस इथं. आता काय काय कराचं ते बोलू."

काल दादाचा फोन आला. मला वाटलं, अजून राग असेल.

म्हणाला, "आई सगळं बोलून गेली."

मॅडम, या आता. मनापासून नमस्कार.