गाळलेल्या जागा

माधवचा दवाखान्यातून फोन आला तेव्हा कुकरमध्ये अर्चनासाठी मऊ भात होता. “आई, ती गेली,” एवढंच बोलला. मी गॅस बंद केला. सून गेली त्याला आता दीड महिना झाला. येणारे-जाणारे म्हणतात, लई गुणी होती. होतीच. पण हट्टीही होती, आणि आमचं रोज वाजायचं. मेलेल्या माणसाला गोड करून सांगायची मला सवय नाही.

चिकलठाण्याच्या घरात ती मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर काम करायची. मला वाटायचं, बसून पगार घेते. आजार निघाल्यावरही काम सोडेना, तेव्हा एकदा शेजारी खुर्ची ओढून बसले. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं धावत होती. मोठमोठ्या याद्यांच्या पोटात काय आहे ते दाखवणारा प्रोग्राम तिनं केला होता. चित्र नाही, बटण नाही. हुकूम टाइप केला की सगळे रकाने एकदम ओतायचा. “एवढं कोण वाचतं?” मी म्हणाले. “लोक तेच म्हणतात, आई. म्हणून नवी सोय करतेय. ज्याला जसं पाहिजे तसं वाक्य त्यानं लिहायचं, मध्ये जागा सोडायच्या. त्या यादीतून भरल्या जातील.” “म्हणजे गाळलेल्या जागा भरा,” मी म्हणाले. ती हसली. “आमच्या साहेबांना हे कळायला दोन मीटिंगा लागल्या.” मी चौथी शिकले, पण हे चौथीतच होतं.

वापरायचं कसं ते सांगणाऱ्या पानावर तिला एक नमुना हवा होता. “नव्या बाईची ओळख करून देताना आधी काय सांगता?” मी म्हणाले, “नाव. मग माहेर. बाकीचं विचारलं तर.” तिनं तसंच लिहिलं, यादीत आम्हा दोघींना घातलं आणि चालवून दाखवलं. ‘कौसल्या, माहेर पिशोर.’ लग्नानंतर माझं माहेर कुणी कुठं लिहिलं नव्हतं. खाली तिची ओळ आली, ‘अर्चना, माहेर देवगाव रंगारी.’ ती त्या ओळीकडं बघत राहिली... “आई, चार दिवस जाऊन येऊ का?” “ऊन कमी होऊ दे,” मी म्हणाले. पुढं अजून एकदा विचारलं, मग नाही विचारलं. खरं कारण ऊन नव्हतं. आजारी सुनेला माहेरी धाडली असं लोक म्हणतील, याची मला भीती होती.

मागच्या आठवड्यात निखिल घरी आला. तिच्यासोबत काम करायचा, आता तिचं काम तोच बघतो. चहा पिताना चाचरत म्हणाला, “काकू, ती सोय ताईंनी पूर्ण केली होती. लोक वापरतात. फक्त नमुन्यातलं ‘माहेर’ बाहेरच्यांना कळत नाय. तिथं ‘शहर’ टाका म्हणतात. वाक्य तुमचं आहे असं ताई म्हणाल्या होत्या, म्हणून विचारायला आलो.”

“शहर टाकलं तर कळेल, पण खोटं होईल,” मी म्हणाले. “तिचं शहर हेच होतं. तिला जायचं होतं दुसरीकडं. माहेरच राहू द्या.”

“मग खाली अर्थ तरी द्यावा लागेल. काय लिहू?”

मी म्हणाले, “लिहा, बाईला जिथं जायला परवानगी मागावी लागते ते गाव.”

त्यानं तिच्याच खोलीत बसून ते लिहिलं. वाचून दाखवतो म्हणाला. मी नको म्हणाले.