रेस धरलेला हात

दुरुस्त झालेली गाडी गिऱ्हाइकाच्या हवाली करण्याआधी फिटरआबा दोन्ही हात वर करून मागे सरकत. एखाद्याला वाटावं, पोलिसांनीच हटकलंय. गाडी स्टँडवर, इंजिन चालू, आणि आबा हात वर करून, डोळे मिटून उभे. तेवढा वेळ गिऱ्हाइकाने तोंड उघडायचं नाही. गाडी आपली आपण एका सुरात चालत राहिली तरच हात खाली येत. "हात सोडल्यावर चालती ती गाडी. रेस धरून काय, कुनीबी चालवंल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

पिंपरी पेंढारला रस्त्याच्या कडेला त्यांचं गॅरेज आणि माझं शिलाईचं दुकान, मध्ये एक भिंत. दोन स्ट्रोकच्या गाड्या अजून जोरात होत्या आणि चार स्ट्रोकच्या नुकत्या दिसू लागल्या होत्या. कार्बोरेटर मात्र सगळ्यांनाच होता, आणि गाडी स्लोला, म्हणजे रेस सोडली की, बंद पडते ही तक्रारही सगळ्यांची होती. लोक पेट्रोलला शिव्या घालत यायचे. आबा काही न बोलता आधी प्लग काढून बघत. काळाकुट्ट निघाला तर इंजिनला हवा कमी पडतेय. पांढराफटक निघाला तर कुठून तरी फाजील हवा शिरतेय. मग चालू इंजिनाच्या रबरी जोडावर साबणाचं पाणी सोडायचं आणि कान द्यायचा. आवाज बदलला की तिथे चीर आहे समजायचं.

कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा जेट साफ करायचा तो फुंकून. त्यात तार किंवा सुई घालणाऱ्याचा त्यांना मनस्वी राग. खोडदच्या एका पोराने शहाणपणा करून जेटमध्ये टाचणी फिरवली होती, तर आबा दिवसभर भिंतीपलीकडून मला ऐकवत होते, "सर्दी झाली म्हनून नाकात खिळा घालत्यात का, मास्तर?" मी टेलर असल्यामुळे मला मास्तर म्हणायचे. त्या पोराचा मी कोणी लागत नव्हतो, पण बोलणी मीच खाल्ली.

आणि अशा माणसाची स्वतःची गाडी मात्र हात सोडला की बंद. थांबायचं झालं तर आबा सीटवर बसूनच बोलत, उजव्या हाताने रेसची मूठ धरून, डावा हात क्लचवर. गाडीखालून धुराचे लोट. रस्त्यावरचे लोक चेष्टा करत, "आबा, एकदा चांगल्या फिटरला दाखवा की राव." आबा हसून पुढे जात. मीही त्यांना पुष्कळ चिडवलं आहे.

त्यांची एकुलती एक लेक सुमन निरगुडसरला दिलेली. तिची आई लग्नाआधीच गेली होती, त्यामुळे लेकीकडे जाणारे आबा एकटेच. त्यांच्या घरात एक जुनी रीत होती. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही. लग्नानंतर पहिली काही वर्षं हे सगळ्यांनी हसतखेळत पाळलं. मग वर्षं वाढत गेली, सुमनला मूल काही झालं नाही, आणि हसणं थांबलं. मला त्या रीतीचा तेव्हाही संताप यायचा, आजही येतो.

एकदा मी त्यांच्या मागे बसून निरगुडसरला गेलो. आबांनी दारात गाडी थांबवली, पण उतरले नाहीत. सुमन चहा घेऊन बाहेर आली. जावई म्हणाला, "मामा, आता कोन पाळतं हे? या ना आत." आबा रेस देत म्हणाले, "गाडी बंद पडल रं. गरम झाल्यावर लवकर घेत न्हाई. हात मोकळा न्हाई माजा." मी आपला भोळेपणाने म्हणालो, "आबा, मी रेस धरतो, तुम्ही चहा घ्या." आबांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढे केलेला हात मी मागे घेतला. सुमन कप हातात धरून तशीच उभी राहिली. बोलणं संपलं तेव्हा चहावर साय आली होती.

परतताना मंचरला आम्ही चहाला थांबलो तेव्हा मी विचारलंच, हात सोडला तरी चालू राहील असं या गाडीचं आयडलिंग का करत नाही म्हणून.

"स्क्रूचा अर्धा फेरा हाय. मुद्दाम ठिवलीय," आबा म्हणाले.

"मग सरळ चहा घ्या ना तिच्याकडे."

"घेतला म्हंजी बापानं आशा सोडली, असं वाटंल तिला. न्हाई म्हनलो तर तिच्या उणिवेवर बोट ठिवल्यासारखं व्हतं. मंग हात गुतलेला बरा."

फिटरची लेक ती, स्क्रूचं तिला कळत नसेल का? कळत असणार. तरी ती दर खेपेला चहा करून आणायची आणि आबा दर खेपेला हात मोकळा नाही म्हणायचे. नवस झाले, पुण्याचे डॉक्टर झाले, औषधं झाली. गाडी धूर सोडत दारात उभी राहत होती.

शेवटी सुमनचं ऑपरेशन झालं. पिशवी काढावी लागली. ती घरी आल्याचं कळलं त्या सकाळी मला भिंतीपलीकडून आबांच्या गाडीचा आवाज आला, आणि मशीन चालवता चालवता माझा पाय थांबला. आवाज एका सुरात होता. बाहेर येऊन बघतो तर आबा दोन्ही हात वर करून गाडीसमोर उभे. डोळे मिटलेले, गालांवर पाणी. मग बाहीने गाल पुसून म्हणाले, "मास्तर, निरगुडसरला येता का? एकट्यानं जमायचं न्हाई."

निरगुडसरला दारात त्यांनी गाडी स्टँडवर लावली, हात काढून घेतले. गाडी आपली आपण चालत राहिली. तो एका सुरातला आवाज ऐकून सुमन भिंतीला धरत दाराशी आली. आबांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली, ओट्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, "सुमे, पानी दे."

तिने आतून तांब्या आणला. आबांनी तो तोंडाला लावला आणि खाली ठेवला तो रिकामाच. सुमन अंगणातल्या गाडीकडे बघत होती.

"आता हात सोडल्यावर चालती, तर चालू ठिवायची व्हती, आबा," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.