पातेल्याच्या तळाची खरवड

इस्पितळाच्या स्वयंपाकघरात मावशींनी सव्वीस वर्षं ओट्सची लापशी ढवळली. तेव्हाचे ओट्स म्हणजे जाड भरडलेले, दाताखाली येणारे. आदल्या संध्याकाळी भिजत घालायचे, सकाळी मंद आचेवर तासभर शिजवायचे, आणि त्या तासात लाकडी डाव थांबू द्यायचा नाही. डाव थांबला की लापशी तळाला लागलीच म्हणून समजा.

लापशी जायची रोग्यांना. तळाची तांबूस, जराशी करपलेली खरवड मात्र रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरची. त्याचा आवाज असा दणदणीत, की सगळे त्याला भोंगाच म्हणत. रोज सकाळी तो खिडकीशी येऊन विचारायचा, "लागलीय का?" आणि पातेलं घेऊन उलथन्याने खरवडत बसायचा. मुख्य आचारी मावशींवर करवादायचा, "हात चालत नाही का तुझा? रोज कशी लागते?" मावशी निमूट ऐकून घ्यायच्या. वर्षभरात त्यांचं भोंग्याशी लग्न झालं. लग्नातसुद्धा त्याने पाहुण्यांना सांगितलं, "हिचा ढवळायचा हात जरा कच्चाय, पण चालवून घेऊ." पुढे चाळीस वर्षं तो हेच सांगत राहिला. विनोद मेला एकच, पण पुरवून पुरवून वापरला.

आता तो आवाजच बसला होता. मोठ्या आजारातून उठल्यापासून भोंग्याची अन्नावरची वासना उडाली होती. सोमवारपर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नळ्या लावलेली माणसं त्याने आयुष्यभर आपल्या गाडीतून नेली होती. नळीचं नाव काढलं की तो भिंतीकडे तोंड करून पडायचा.

सुनेने करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. पुड्यातले ओट्स दोन मिनिटांत शिजवून दिले. मग काचेच्या बरणीत दुधात भिजवून, वर फळं घालून, फ्रीजमधून थंडगार काढून दिले.

"न शिजवता?" मावशींनी विचारलं.

"आई, आता असेच खातात."

पोरगी जीव तोडून करत होती, हे मावशींना दिसत होतं. पण भोंग्याने दोन्ही वेळा सगळं तसंच परत पाठवलं.

रविवारी सकाळी मावशींनी बाह्या सरसावल्या. पुड्यातले ओट्स त्यांनी आदल्या संध्याकाळीच भिजवले होते. पुड्यावर काय लिहिलंय ते वाचायची त्यांना गरज वाटली नाही. ओट्स म्हणजे ओट्स, तासभर तर हवाच! पण हे ओट्स आधीच वाफवून चपटे केलेले. दहा मिनिटांत त्यांची खळ झाली, डाव हलेना, आणि पातेल्यातून धूर निघाला. सून धावत आली.

"अहो आई, याला दोनच मिनिटं लागतात!"

मावशी मटकन खुर्चीत बसल्या. अख्ख्या इस्पितळाला खाऊ घातलं आणि आपल्या माणसासाठी एक वाटी धड होऊ नये! त्यांना रडूच कोसळलं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून बसका आवाज आला. "लागलीय का?"

मावशींनी डोळे पुसले. वरची खळ बाजूला केली, अगदी काळं झालेलं टाकून दिलं, मधली तांबूस खरवड काढून गरम दुधात मऊ केली आणि चिमूटभर मीठ घातलं. भोंग्याने पहिला चमचा बराच वेळ तोंडात घोळवला. मग दुसरा घेतला. मावशी चमचे मोजत होत्या. चौथ्या चमच्याला तो म्हणाला, "अगं, एवढी वर्षं झाली, हात अजून कच्चाच तुझा."

"कच्चा नव्हता," मावशी म्हणाल्या. "शेवटची पाच मिनिटं मी डाव मुद्दाम थांबवायचे. रोज."

भोंग्याने चमचा खाली ठेवला. "आणि आचाऱ्याची ती बोलणी?"

"तुम्ही खरवड खाल्लीत, मी बोलणी खाल्ली."

भोंग्याने वाटीतलं उरलेलं चाटूनपुसून संपवलं. मग रिकामी वाटी पुढे केली.

"वाढ," तो म्हणाला. "आणि उद्याही थांबव."